कोपऱ्याची गोलाई

"तुमच्या डायला बसत नाही म्हणून माझ्या अ‍ॅक्सलला टोपी घालायची व्हय, ताई?"

हे विचारताना त्या पोराच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. रागाला काहीतरी उत्तर देता येतं. दसऱ्याच्या आधीचे दिवस होते. गळीत हंगाम तोंडावर आला की कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या शेडसमोर उसाच्या ट्रॉल्या येऊन थांबतात. कुणाचा हूक झिजलेला, कुणाच्या फळ्या कुजलेल्या, कुणाचे यू-बोल्ट तुटलेले. हा वाळव्याकडचा. ट्रॉली जुनी, कर्ज नवं. गोणपाटात गुंडाळून दोन तुटके यू-बोल्ट आणले होते. वीस मिलिमीटरचे, चौकोनी अ‍ॅक्सलवर बसणारे; म्हणजे घोड्याच्या नालेसारखे गोल नव्हेत, दोन काटकोनी कोपरे असलेले. दोन्ही कोपऱ्यातच तुटले होते. त्याला नवे हवे होते आणि कोपरा अ‍ॅक्सलच्या धारेला अगदी चिकटून हवा होता, मध्ये फट नको. मी सांगितलं की आमच्याकडे वीसच्या बोल्टला कोपऱ्याची आतली गोलाई, म्हणजे वळणाची त्रिज्या, वीस मिलिमीटरच्या खाली जात नाही. अ‍ॅक्सलवर कडा गोल केलेली जाड बैठक टाक, तिच्यावरून बोल्ट घे, पाय तेवढे लांब ठेवू. त्यावर त्याने हे विचारलं. मग चहा प्याला, गोणपाट काखेत मारलं आणि "बघतो" म्हणून गेला.

"बघतो" म्हणजे काय ते धंद्यात सगळ्यांना कळतं.

माझं गणित बरोबर होतं. तरी ते वाक्य डोक्यातून जाईना, कारण त्यात अर्धं खरं होतं. शेडच्या मागच्या भिंतीला अँगलचं एक रॅक आहे. अण्णांनी ऐंशीच्या दशकात शेड घेतली तेव्हापासूनचं. त्यावर डाय, म्हणजे बोल्ट वाकवायचे पोलादी साचे, ओळीने मांडलेल्या आहेत, तेलात भिजलेल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, आणि प्रत्येकीवर अण्णांच्या अक्षरात पिवळ्या रंगाने लिहिलेलं: 'जे १२', 'जे १६', 'यू २ इंची', 'यू ३ इंची', 'चौ. ८० / २०'. कागद सोडवला की ग्रीस, रॉकेल आणि जुन्या बातम्या ह्यांचा मिळून एक वास येतो. पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक, बोलायला लागली की माझी नजर आपोआप त्या रॅककडे जाते. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी मनात डाय काढलेली असते. सौर पंपाच्या पायाला जे-बोल्ट हवेत म्हणाला की तिसरा कप्पा. पाइपलाइनला क्लॅम्प म्हणाला की दुसरा. त्यातही 'दोन इंची' म्हणजे बाहेरून ६०.३ मिलिमीटर आणि 'तीन इंची' म्हणजे ८८.९, हे नवीन पोराला दरवर्षी नव्याने सांगावं लागतं, कारण तो दोन इंच म्हणजे पन्नास धरून मोकळा होतो. मग योग्य गोलाई कुठली, हे मी लोखंडाला विचारून ठरवते की रॅकला? त्या पोराने बोट ठेवलं ते इथे.

लोखंडाचं म्हणणं तसं सरळ आहे. ऊस गुडघ्यावर घेऊन मोडताना आतली बाजू चेपते आणि बाहेरची साल ताणून तडकते, तसंच बोल्टचं. मधली एक रेघ तेवढी ना ताणली जात ना दाबली जात. वीसचा बोल्ट आतून वीसच्या गोलाईवर वळवला तर बाहेरची कातडी सुमारे तेहेतीस टक्के ताणली जाते. गोलाई दहावर आणली तर पन्नास टक्के. चाळीस ठेवली तर वीसच टक्के. ह्याला कुठलं पुस्तक लागत नाही; आतल्या गोलाईची दुप्पट अधिक व्यास, ह्या बेरजेने बोल्टच्या व्यासाला भागायचं, एवढाच हिशेब. आता दुसऱ्या बाजूला धातू किती ताण सहन करतो ते बघायचं. ग्रेड म्हणजे बोल्टच्या ताकदीचा दर्जा, आकडा मोठा तितका बोल्ट कडक. ४.६ ग्रेडचा मऊ बोल्ट तुटेपर्यंत किमान बावीस टक्के लांबतो. ८.८ ला ते बारा आहे, १०.९ ला नऊ. हे आकडे सरळ ओढून तोडण्याच्या चाचणीतले आणि सबंध मोजलेल्या लांबीचे सरासरी. वाकवताना ताण बाहेरच्या कातडीपुरताच असतो आणि आतला धातू तिला धरून ठेवतो, म्हणून प्रत्यक्षात ह्यापेक्षा जास्त निभावतं. तेहेतीस टक्क्यांवर मऊ सळई हसत वळते. पण पन्नासवर तीही कुरकुरते, आणि ८.८ तर तेहेतीसलाच तोंड फिरवतो. त्या पोराला हवा होता तसा धारेला चिकटणारा कोपरा म्हणजे आतली गोलाई पाच-सहा. तिथे कातडी साठ टक्क्यांच्या पुढे जाते. त्याचे जुने बोल्ट कोपऱ्यातच का तुटले ह्याचं उत्तर त्याच्याच गोणपाटात होतं.

तुटलेल्या तोंडाकडे बघायला मला मिस्त्रींनी शिकवलं. मिस्त्री म्हणजे आमच्याकडचे सगळ्यात जुने फिटर. आता रोज येत नाहीत, डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आठवड्यातून एखाददुसरी चक्कर. पण आले की आधी भंगाराच्या डब्यात हात घालतात. त्या दिवशी ते होते. पोरगा गेल्यावर त्याचा एक तुकडा बाकावर राहिला होता, तो त्यांनी दाराच्या उजेडात धरला. तुटलेल्या तोंडाचा निम्मा भाग काळपट आणि गुळगुळीत, उरलेला ताजा, चकाकणारा, दाणेदार. काळपट भाग म्हणजे जुनी चीर. हवा, पाणी आणि उसाचा रस पीत महिनोन्‌महिने थोडीथोडी पुढे सरकलेली. चकाकणारा भाग एका खड्ड्यात एका झटक्यात गेलेला. चीर बाहेरच्या बाजूने सुरू झाली होती आणि तिच्या सुरुवातीला, अगदी काठावर, एक आडवी बारीक रेघ होती. मिस्त्रींनी तिच्यावरून नख फिरवलं. "डायची धार लागल्या हितं," एवढंच म्हणाले.

बोल्ट वाकवायचा म्हटलं की लोक गोलाईचा विचार तरी करतात. खाचेचा कुणी करत नाही. सळई गोल आणि पंच, म्हणजे वरून दाबणारा भाग, सपाट, तर दोघं एका रेघेवर भेटतात, सगळा दाब त्या रेघेवर येतो आणि बोल्टला आतून चपटा पट्टा पडतो. म्हणून पंचाला अर्धगोल खाच हवी. बोल्टच्या व्यासापेक्षा किंचित मोठी, दोन-तीन दशांश मिलिमीटर, म्हणजे बोल्ट अडकत नाही आणि चेपतही नाही. फार मोठी केली तर पुन्हा रेघेवरच टेकतो. आणि ह्या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे खाचेचे काठ, आणि ज्यांच्यावरून बोल्ट घसरत आत जातो ते खालच्या डायचे खांदे. ते मारून, गोल करून, पॉलिश केलेले हवेत. तिथे धार राहिली तर प्रत्येक बोल्टच्या बाहेरच्या कातडीवर, म्हणजे नेमकी जिथे सर्वांत जास्त ओढ आहे तिथे, ती एक रेघ ओढून ठेवते. पुढचं काम रस्ता करतो.

खाच पाडायच्याही तऱ्हा आहेत. आता व्हीएमसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, गोल तोंडाचा कटर लावला की तासाभरात होते. मिस्त्रींच्या उमेदीत शेपरवर हाताने घासलेल्या टूलने पाडायचे आणि शेवटी सळईच्या तुकड्यावर पॉलिश पेपर गुंडाळून घासत बसायचे. पकडीच्या जबड्यांसाठी त्यांची एक युक्ती मला अजून आवडते. दोन ठोकळे समोरासमोर, मध्ये पातळ पत्र्याचा तुकडा, तिन्ही एकत्र घट्ट आवळायचे आणि बरोब्बर सांध्यावर बोल्टच्या मापाचं ड्रिल मारायचं. मग पत्रा काढून टाकायचा. दोन्ही ठोकळ्यांत अर्ध्यापेक्षा किंचित कमी खाच राहते, त्यामुळे जबडे एकमेकांना भिडत नाहीत आणि बोल्ट पक्का धरला जातो. ड्रिल सांध्यावर चालताना भटकू पाहतं, म्हणून आधी लहान भोक, मग मोठं. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा शाळेत होते. जेवणाचा डबा द्यायला आले होते आणि तासभर तिथेच उभी राहिले. दुधासारखं पांढरं कटिंग ऑइल ड्रिलवर ओतलं जात होतं, निळसर वेटोळी खाली पडत होती, आणि पत्रा ओढून काढल्यावर दोन्ही ठोकळ्यांत जी सारखी, स्वच्छ, चमकणारी अर्धी नळी दिसली ती बघून मला का कोण जाणे फार आनंद झाला होता.

डाय कशाची करायची ह्यावर अण्णांचं आणि मिस्त्रींचं कधी पटलं नाही. अण्णा हिशेबी. शंभर-दोनशे नग काढायचे असतील तर ईएन-८, म्हणजे साधं पोलाद घ्या, खाचेपुरती गॅसच्या ज्योतीने लाल करून पाणी द्या, झालं. मिस्त्रींना ते कच्चं वाटायचं. त्यांचा जीव ओएचएनएसवर, आठशे अंशांच्या आसपास तापवून तेलात विझवायचं आणि मग हलकं टेम्पर करायचं, म्हणजे ठिसूळपणा जावा म्हणून पुन्हा थोडं तापवायचं. नाहीतर ईएन-३१ वर, म्हणजे बेअरिंगच्या पोलादावर. हजारोंनी नग असतील तर डी-२, ज्याला बाजारात एचसीएचसीआर म्हणतात. बारा टक्के क्रोमियम, नीट हार्डन केलं तर कडकपणा साठ रॉकवेलच्या आसपास (रॉकवेल हे कडकपणाचं माप), वर्षानुवर्षं झिजत नाही. पण तेच डी-२ लाल तापलेल्या बोल्टखाली द्या. गरम-गार, गरम-गार होऊन त्याला जाळी पडते, मग तुकडा उडतो. गरम कामाला एच-१३ पाहिजे. ते पंचेचाळीस-अठ्ठेचाळीस रॉकवेललाच ठेवतात, कारण तिथे नुसता कडकपणा नको, चिवटपणाही पाहिजे. डायचं पोलाद विकणारा माणूस नेहमी सगळ्यात कडक काय ते पुढे करतो. कडक ते चांगलं, ही समजूत आमच्या धंद्यात फार खोल रुजली आहे आणि तिने बरीच चांगली पोलादं वाया घालवली आहेत.

ह्यात एक मधला, आमचा देशी मार्ग आहे. खालच्या डायला दोन खांदे असतात, ज्यांच्यामधून पंच बोल्टला खाली दाबतो. खांदे स्थिर असले की बोल्ट त्यांच्यावर घासत उतरतो, ओरखडे पडतात, कधी डायचं आणि बोल्टचं लोखंड एकमेकांना चिकटून सोलवटतं. खांद्यांऐवजी फिरते रोलर लावले की घासणं जवळजवळ संपतं. आणि रोलर कुठून आणायचे? भंगारवाल्याकडून. ट्रकच्या जुन्या बेअरिंगचं बाहेरचं कडं घ्यायचं, आत घट्ट बुश मारायचा, पिनवर बसवायचं. ते ईएन-३१ सारखंच पोलाद, साठ रॉकवेलच्या घरात, आरशासारखं घासलेलं. असा रोलर नवा करायला गेलं तर ज्या पैशात होईल त्यात भंगारातली कड्यांची आख्खी माळ येते. फक्त त्याच्यावर हातोडा मारायचा नाही. कडं फुटतं तेव्हा सांगून फुटत नाही, आणि उडालेली कपची गोळीसारखी जाते. आमच्या 'चौ. ८० / २०' ला, म्हणजे चौकोनी यू च्या डायला, अशीच कडी आहेत. मिस्त्री आले की पाळीच्या सुरुवातीला त्यांना बोटाने ग्रीस लावतात आणि बोट तिथेच कपाटाच्या दाराला पुसतात. ते दार आता एका बाजूने काळंकुट्ट आणि लोण्यासारखं मऊ झालंय.

डी-२ च्या त्या बारा टक्के क्रोमियमची गोष्ट मला पुरात कळली. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं. धोक्याची पातळी पंचेचाळीस. कुपवाड उंचावर, आम्ही कोरडे. पण माझ्या मामाचं छोटं वर्कशॉप खाली गावभागाकडे होतं. पाणी ओसरल्यावर आम्ही सगळे फावडी घेऊन गेलो. चिखलाचा तो वास, त्यात डिझेल, कुजलेलं धान्य आणि कुणाच्या तरी दुकानातली हळद. लेथचा बेड घासून कसाबसा वाचला, मोटारी गेल्या. डाय मात्र चिखलातून एकेक करून काढल्या, पाण्याने धुतल्या आणि अंगणात ताडपत्रीवर मांडल्या. ईएन-८ च्या डायना देवीचे व्रण आल्यासारखे खड्डे पडले होते. डी-२ च्या नुसत्या तांबूस झाल्या होत्या, पुसल्यावर खाली बरीचशी चमक शिल्लक. अगदी स्टेनलेस नव्हे; एवढं क्रोमियम असूनही त्यातलं पुष्कळ कार्बनबरोबर बांधलेलं असतं, गंजाशी लढायला सुटं थोडंच उरतं. पण ते थोडंही कामी आलं. मामा प्रत्येक डाय हातात घेऊन तिची गोष्ट सांगत होता. ही अमुक कारखान्याच्या कामाची, ही तमुकची. त्यातल्या निम्म्या कामांच्या पार्ट्या कधीच्या बंद पडल्या होत्या. तरी त्याने सगळ्या डाय तेल लावून परत मांडल्या. कुणाचे बोल्ट वाकवायला, ते त्यालाही माहीत नव्हतं.

आमच्या भागात लोखंडाची ही माया जुनीच. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली आणि तिथे शेतकऱ्यासाठी लोखंडी नांगर बनू लागले. तेव्हापासून ह्या जिल्ह्यातल्या किती घरांत कुणीतरी टर्नर, कुणीतरी मोल्डर आहे. मिस्त्रींचे गुरू तिथून रिटायर झालेले. मिस्त्री त्यांचं नाव घेताना अजून कानाला हात लावतात. त्या गुरूंची शिस्त म्हणजे वाकवायच्या आधी सळई पूर्ण फिरवून बघायची. रोलिंगमध्ये कधी कधी तिच्या अंगावर लांबच लांब एक बारीक शिवण राहते, डोळ्याला दिसत नाही, नखाला लागते. ती सापडली तर तिथे खडूची खूण करायची आणि सळई अशी फिरवून ठेवायची की शिवण वाकाच्या बाहेरच्या अंगाला न येता बाजूला राहील. दुसरं म्हणजे रोजचा पहिला बोल्ट वाकवून झाला की पुढचे लगेच करायचे नाहीत. त्याला रॉकेलने पुसायचं, थोडं थांबायचं, कोरडं करायचं, वर खडूची भुकटी चोळायची. चीर असेल तर तिच्यात शिरलेलं रॉकेल हळूहळू वर येतं आणि पांढऱ्या खडूवर एक ओली काळी रेघ उमटते. आता लाल रंगाचे फवारे मिळतात ह्याच कामाला, डबा महाग असतो. मिस्त्री अजून शाळेतला खडू वापरतात आणि फळ्यावर लिहिल्यासारखा तो बोल्टवर घासताना त्यांच्या चेहऱ्यावर मास्तर उतरतो.

गरम करून वाकवावं की नाही, हा तर रोजचा वाद. रस्त्याकडेच्या दुकानात सोपं उत्तर आहे: गॅसने लाल करा, घणाने बसवा. मऊ बोल्ट असेल तर चालून जातं, सावकाश हवेत गार होऊ दिला तर. पण लोक ताकद वाढावी म्हणून ८.८ चे बोल्ट आणतात आणि तेही लाल करून घेतात. ८.८ ची ताकद येते ती हार्डनिंग-टेम्परिंगमधून, आणि त्याचं टेम्परिंग किमान सव्वाचारशे अंशांना झालेलं असतं. लाल म्हणजे सात-आठशेच्या वर. तेवढी उष्णता लागली की कारखान्याने दिलेलं सगळं निघून जातं. वर कुणी घाईने पाणी ओतलं तर कोपरा काचेसारखा होतो. सगळ्यात वाईट हे की डोक्यावरचा ८.८ चा आकडा तसाच राहतो. खाली बोल्ट दुसराच झालेला असतो आणि डोकं जुनीच ओळख सांगत बसतं. जास्त ताकदीचा वाकडा बोल्ट हवा असेल तर आधी वाकवा आणि मग हार्डन-टेम्पर करा, हा खरा रस्ता. चार बोल्टांसाठी भट्टी कोण पेटवणार? म्हणून आम्ही ट्रॉलीवाल्यांना सांगतो की कडक बारीक बोल्टापेक्षा मऊ आणि जाड घ्या. ऐकणारे ऐकतात. जस्त चढवलेला बोल्ट घेऊन कुणी तापवायला आलं तर मात्र मी त्याला शेडच्या आतच घेत नाही. त्या पांढऱ्या धुराने रात्रभर थंडी वाजून ताप येतो.

टनेजचं मात्र लोकांना फार आकर्षण. "किती टनाचा प्रेस आहे?" हा पहिला प्रश्न. आमचा चाळीस टनी हायड्रॉलिक आहे आणि वीसच्या मऊ सळईला, आधारांमध्ये शंभर मिलिमीटर अंतर ठेवलं तर, वाकायला लागायला दीड टनसुद्धा पुरतो. दोन कोपरे एकदम आणि घर्षण धरलं तरी चार-पाच टनांच्या पुढे काम जात नाही. आधारांमधलं अंतर तेच ठेवून व्यास दुप्पट केला तर जोर आठपट लागतो हे खरं, म्हणून बाराच्या अनुभवावर चोवीसचं काम कबूल करू नये. पण जास्तीचा टन हा उपयोगापेक्षा मोहच जास्त. बोल्ट बसल्यावरही पंप दाबत राहिला तर खाचेत तो चेपतो आणि व्हर्नियर लावला की वाकातला व्यास एका बाजूने अठरा, दुसऱ्या बाजूने एकवीस. मी प्रेसच्या आवाजावर चालवायला शिकले. सुरुवातीला पंपाचा सूर एकसारखा असतो. सळई वाकायला लागते तिथे तो किंचित खाली बसतो, आणि त्याच क्षणी वाकाच्या बाहेरच्या बाजूचे काळे पापुद्रे टिकटिक उडायला लागतात. पापुद्रे सगळीकडे सारखे उडाले तर वाक सारखा चाललाय. एकाच जागी उडाले तर थांबायचं.

आणि मग माघारी येणं. वाकवलेला बोल्ट दाब काढल्यावर थोडा उघडतोच. मऊ असेल तर दोन-तीन अंश, कडक असेल तर त्याहून बराच. म्हणून चौकोनी यू च्या पंचाला वरच्या बाजूला पोट आत घेतलेलं असतं, म्हणजे रोलर पायांना काटकोनाच्याही आत ढकलू शकतात, आणि सोडल्यावर ते बरोबर सरळ उभे राहतात. किती आत, हे पुस्तकात अंदाजाने आहे, खरं ते त्या दिवशी आलेल्या सळईवर. एकाच दुकानातून, एकाच बिलावर आणलेल्या दोन सळया वेगवेगळ्या उघडतात. आट्यांचं मात्र आम्ही कडक पाळतो. वाकाची सुरुवात आट्यांपासून निदान एका व्यासाएवढी लांब, आणि पायांच्या टोकांना जुने नट चढवून मगच डायमध्ये. आटा दाबला गेला की पार्टी घरी जाऊन पान्हा लावते तेव्हा कळतं, आणि तेव्हा फोन येतो.

हे सगळं मला त्या पोराला सांगता आलं असतं. सांगितलं असतं तरी त्याचा प्रश्न तसाच उभा होता, कारण तो लोखंडाबद्दल नव्हताच. वीसच्या बोल्टला वीसची गोलाई ही मऊ सळईसाठी राखलेली सुरक्षित जागा आहे. पण पंधरा का नको? पंधराला कातडी चाळीस टक्के ताणली जाते. चांगली मऊ सळई, शिवण बाजूला, रोलर गुळगुळीत, सावकाश दाब, तर ते निभावतं आणि खालची बैठक पाच मिलिमीटरने पातळ होते. पंचवीस का नको? तर बोल्ट आणखी टिकाऊ आणि बैठक आणखी जाड. वीस हा आकडा अण्णांनी निवडला, तेव्हाच्या सळया बघून, तेव्हाच्या ट्रॉल्या बघून. मग त्याची डाय झाली, डायवर पिवळा रंग लागला, आणि हळूहळू तो आकडा आमच्या तोंडी नियमासारखा येऊ लागला. पार्टीला मी जेव्हा "होत नाही" म्हणते तेव्हा त्यात लोखंडाचं 'होत नाही' किती आणि रॅकचं किती, हे तिला कळायला मार्ग नाही. मलाही दर वेळी कळतं असं नाही. आणि दुसरी बाजूही आहे. बोल्ट अ‍ॅक्सलवर नीट न टेकता कोपऱ्यांवर तरंगत राहिला तर तो ढिला होतो, हलतो, आणि वाकात नाही तर आट्यात तुटतो. फट नको हे त्याचं म्हणणं ट्रॉली चालवणाऱ्याचं होतं. गोलाई हवी हे माझं म्हणणं डाय चालवणारीचं. बैठक दोन्हींचा मेळ घालते, पण ती त्याच्या खिशातून.

मिस्त्रींसमोर हे काढलं तेव्हा त्यांनी आधी तंबाखू मळली. मग म्हणाले, "पंचाचा कोपरा सुटा कर की." म्हणजे पंच एकच, पण त्याच्या दोन कोपऱ्यांना घर पाडायचं आणि त्यात बोल्टने आवळता येतील असे बदलते तुकडे बसवायचे: पंधराचे, वीसचे, पंचवीसचे, तिसाचे. तुकडे लहान, म्हणून ते डी-२ चे करायला परवडतात. पंचाचं अंग साधं ईएन-८. रोलरचं अंतरही मग सरकतं ठेवावं लागेल, कारण गोलाई बदलली की मधली जागा बदलते. वायरकटवाल्याला, म्हणजे बारीक तारेने पोलाद कापून देणाऱ्याला, फोन केला, त्याने घरं पाडायचा भाव सांगितला. हार्डनिंगवाल्याने विचारलं, किती रॉकवेल, मी अठ्ठावन्न म्हटलं, तर तो म्हणाला बासष्ट करून देतो, तेवढ्याच पैशात. त्याला अठ्ठावन्नवर आणायला मला बराच वेळ लागला; कोपऱ्यावर दाब आहे, झटका आहे, तिथे शेवटचे चार आकडे मला नको होते. मिस्त्री शेजारी बसून ऐकत होते आणि फोन ठेवल्यावर म्हणाले की अण्णा असते तर ईएन-८ मध्येच भागवलं असतं. ते कौतुक होतं की टोमणा, मी विचारलं नाही.

आता सगळं मिळून जो आकडा झालाय तो मी डायरीत लिहून ठेवलाय आणि त्याच्याकडे रोज बघते. नवीन पंच, तुकड्यांच्या चार जोड्या, सरकते रोलर, वायरकट, हार्डनिंग. ह्या हंगामात चौकोनी यू चे नग फार तर शे-दोनशे निघतील, तेही दोन-दोन, चार-चार करून. मोठ्या कारखान्याचं काम असतं तर डायचा खर्च कोटेशनमध्ये वेगळा दाखवला असता आणि त्यांच्या माणसाने तो निम्मा कापून मंजूर केला असता. ट्रॉलीवाल्याला काय दाखवायचं? नगामागे लावला तर तो म्हणणार शेजारी स्वस्त आहे, आणि शेजारी खरंच स्वस्त आहे. तिथे आतली गोलाई हवी तेवढी करून मिळते, घणाने. नगामागे नाही लावला तर पंधरा आणि पंचवीसमधला तो फरक माझ्या खिशातून जाणार. मिस्त्रींचं म्हणणं, सौर पंपाच्या जे-बोल्टवर दर थोडा चढवावा, सरकारी कामात खपून जातं. मी अजून ठरवलेलं नाही. वायरकटवाल्याला मात्र सोमवारी ठोकळे पाठवते असं सांगून बसले आहे.